दुखवट्याचा ठराव

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभासदांच्या हाती सभेच्या पुष्कळ आधी पोहोचलेली असते. पाणीपट्टी, गटारे, बाजारकर, रस्त्यावरील दिव्यांची दुरुस्ती असे तिच्यातील विषय क्रमवार मांडलेले असतात, आणि तो क्रम मोडावयाचा तर सभेची संमती घ्यावी लागते. परंतु गावातील एखाद्या मान्यवराचे, त्यातही कधी काळी त्याच सभागृहात बसलेल्या गृहस्थाचे निधन झाले, की विषयपत्रिकेवर न छापलेला एक विषय छापलेल्या सर्व विषयांच्या पुढे येतो आणि अध्यक्ष स्थानापन्न होताच, कोणाची हरकत न विचारता, प्रथम तोच हाती घेतला जातो. कचेरीत त्याला दुखवट्याचा ठराव म्हणतात. इतर ठरावांना हात वर होतात, पोटमुद्दे निघतात, एखादा सभासद तहकुबी मागतो. हा एकच ठराव असा, की तो सर्वांनी उभे राहून आणि तोंडातून अवाक्षर न काढता मंजूर करावयाचा असतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहानशा नगरपरिषदेत सभाकामकाजाचे दप्तर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. सभेचे इतिवृत्त प्रोसिडिंग बुकात उतरविणे, ठरावांच्या नकला करून ज्या त्या खात्याकडे रवाना करणे, बारनिशीत त्यांची जावक घालणे ही माझी रोजची कामे. दुखवट्याच्या ठरावाचा मसुदा करणे हे त्या कामाच्या पोटात न सांगता आलेले. बाहेरच्या माणसाला यात करण्यासारखे काही आहे असे वाटत नाही, आणि मसुद्याची बांधणी पाहिली तर त्याचे म्हणणे अगदीच गैर ठरत नाही. आरंभी नाव आणि निधनाची तारीख. शेवटी सभा तीव्र दुःख व्यक्त करते, कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी होते आणि ठरावाची प्रत त्यांस पाठविण्यास मुख्याधिकाऱ्यांना सांगते, हे ठरीव वाक्य. त्याखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर' ही नोंद. एवढा भाग मी झोपेतही लिहिला असता. सारे काम असते ते मधल्या पाच-सहा ओळींचे, जेथे त्या माणसाने आयुष्यात केले काय हे सांगावयाचे असते, आणि नेमके तेथेच बहुतेक मसुदे विशेषणांवर वेळ मारून नेतात. मृत्यूनंतर गावातला प्रत्येक पुढारी निःस्वार्थी, अजातशत्रू आणि दीनांचा कैवारी होतो; जुनी प्रोसिडिंग बुके चाळली तर एकाच्या ठरावातील नाव खोडून दुसऱ्याचे घातले तरी वाचणाऱ्यास पत्ता लागू नये, अशी अवस्था पानोपानी आढळते.

ज्या हेडक्लार्कांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. "विशेषणे गाव घालील, आपण तारखा घालाव्यात," असे ते म्हणत, आणि त्यांची तांबडी पेन्सिल मसुद्यावरून एकदा फिरली, की अमुक सालापासून अमुक सालापर्यंत सभासद, अमुक समितीचे सभापती, अमुक वाडीच्या विहिरीचा ठराव यांच्या सूचनेवरून, एवढेच काय ते मागे उरे. त्यांची रीत मला प्रथम रूक्ष वाटली. पुढे एका गृहस्थाने आपल्या आजोबांच्या ठरावाची नक्कल मागितली आणि ती हाती पडताच, आमच्या कचेरीच्या बाकावर बसून, त्या विहिरीच्या ओळीशी तो बराच वेळ थांबून राहिलेला मी पाहिला, तेव्हापासून त्या पेन्सिलीविषयी माझी तक्रार राहिली नाही.

मुंबईस विधानभवनात हेच कार्य शोकप्रस्ताव या नावाने अधिवेशनाच्या आरंभी होते आणि मधल्या काळात दिवंगत झालेल्या सदस्यांची नावे एकेक करून घेतली जातात. दिल्लीस लोकसभेत अध्यक्ष स्वतः निधनाचा उल्लेख वाचतात व सदस्य काही क्षण स्तब्ध उभे राहतात. त्या सभागृहांच्या दिमतीला सचिवालय असते, ग्रंथालय असते, सदस्यांचे छापील परिचय असतात. तथापि छापील परिचयाला एक खोड असते: तो जिंकलेल्या निवडणुका मोजतो आणि हरलेल्या गाळतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख २०२१ साली निवर्तले, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते ११ वेळा विधानसभेवर निवडून आले होते हा आकडा सर्वतोमुखी झाला, आणि तो होण्याजोगा होताही. परंतु १९६२ पासूनच्या त्या मालिकेत १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव आहेत, आणि पराभवानंतर तोच मतदारसंघ, तोच पक्ष आणि तोच एस.टी.चा प्रवास धरून राहण्यात जे काही होते ते ११ या आकड्यात मावत नाही. माझ्या हाती असते तर ते दोन पराभव मी शोकप्रस्तावात आवर्जून घातले असते. अर्थात माझ्या हाती असणे शक्य नव्हते. माझा अधिकार नगरपरिषदेच्या हद्दीपुरता.

ज्या ठरावाविषयी मी लिहीत आहे तो ज्यांच्यासाठी झाला ते आमदार नव्हते की खासदार नव्हते. ते काही वर्षे आमच्या नगरपरिषदेचे सभासद होते, एकदा निवडणूक हरले, आणि त्या सभासदत्वाच्या आधी, त्याच्या चालू काळात आणि त्यानंतर अगदी हातपाय थकेपर्यंत समाजवादी पक्षाचे बिनपगारी कार्यकर्ते होते. त्यांचे नाव येथे देत नाही; पक्षातले लोक एकमेकांना साथी म्हणत, आणि गावात ती हाक झिजत झिजत त्यांच्या एकट्यावर येऊन थांबली होती, म्हणून मीही त्यांना साथी म्हणतो. निधनाची वार्ता कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे दोन मागण्या आल्या: कचेरीकडून ठरावाच्या मसुद्याची, आणि त्यांच्या पक्षातल्या उरल्यासुरल्या स्नेह्यांकडून शोकसभेत वाचावयाच्या एक पानी परिचयाची. दोन्ही कागदांसाठी चौकशी एकच करावयाची होती.

या प्रदेशातील समाजवादी चळवळीचा मोठा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्याचा हा दक्षिण भाग राजापूर लोकसभा मतदारसंघात मोडे. १९५७ साली बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे येथून लोकसभेत गेले, १९६२ आणि १९६७ साली पुन्हा गेले, १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचा अंत झाला, आणि त्याच वर्षी आलेल्या निवडणुकीत मधु दंडवते यांनी ती जागा घेऊन पुढे वीस वर्षे राखली. नाथ पैंच्या वक्तृत्वाविषयी आणि दंडवत्यांच्या रेल्वे मंत्रालयातील कारकिर्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नाथ पै ज्या गावी बोलावयास येत त्या गावी सभेची परवानगी कोणी काढली होती, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या कोणाच्या घरून मागून आणल्या होत्या, सभा संपल्यावर खळीचा डबा घेऊन रात्री भिंतींवर कागद कोणी चिकटविले, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नाही. साथींचे आयुष्य त्या न लिहिलेल्या भागात गेले होते आणि मला त्याच्या तारखा हव्या होत्या.

पहिला शोध अर्थातच आमच्या दप्तरखान्यात. तांबड्या रुमालात बांधलेली जुनी प्रोसिडिंग बुके फडताळातून खाली काढली, वाळवीने खाल्लेल्या कडा जपत पाने उलटली, आणि साथींच्या सभासदत्वाच्या काळातले ठराव एकामागून एक वाचीत गेलो. सभासदाची योग्यता पाहावयाची तर त्याचे नाव सूचक म्हणून किती वेळा आले ते मोजतात. साथींचे नाव सूचक म्हणून क्वचित होते. अनुमोदक म्हणून मात्र ते जागोजाग भेटत होते. कोणाच्याही वाडीतील पाणंद असो, सफाई कामगारांच्या रजेचा प्रश्न असो, वाचनालयाचे अनुदान असो, सूचना दुसऱ्याची आणि अनुमोदन यांचे. पुढे एका वृद्ध माजी सभासदाने मला याचा उलगडा केला: सूचना बहुधा साथीच लिहून आणीत आणि जो सभासद सत्ताधारी गटात वजनदार असेल त्याच्या नावावर ती घालीत, कारण विरोधी बाकावरून आलेली सूचना पडते आणि वजनदार माणसाची तरते. "नाव माझे, अक्षर त्यांचे," असे ते वृद्ध गृहस्थ म्हणाले आणि यात आपली काही मानहानी आहे असे त्यांना मुळीच वाटलेले दिसले नाही.

एके ठिकाणी मात्र साथी एकटे सापडले. बंदरावर उघड्यावर भरणारा मासळीबाजार तेथून उठवून आत, वस्तीच्या मागच्या बाजूस, नवी इमारत बांधून तीत हलवावा असा ठराव होता. सूचक सत्ताधारी गटाचे, पाठिंबा सर्वांचा, खुद्द साथींच्या पक्षाच्या दुसऱ्या सभासदांचाही. ठरावाखाली एकच ओळ: 'श्री. —— यांनी विरोध नोंदविला. कारण, मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे घेतलेले नाही.' इमारत यथावकाश उभी राहिली, ओटे बांधले गेले, त्यांचा लिलाव पुकारला गेला, आणि गाबतिणींनी टोपल्या घेऊन बंदरावरच बसावयाचे ठरविल्यामुळे त्या इमारतीत पुढे कचेरीचे मोडके सामान ठेवण्यात येऊ लागले. मी ती ओळ टिपून घेतली.

दुसरा शोध त्यांच्या घरी. त्यांच्या पत्नींना मी पूर्वीपासून काकी म्हणत असे. त्यांनी माडीवरच्या खोलीत नेऊन एक पत्र्याची ट्रंक दाखविली आणि म्हणाल्या, "ह्या ट्रंकेक मियां कधी हात लावूक नाय. तुमी बगा, पण कागद होते तशेच ठेवा." मी चटईवर बसून ट्रंक उघडली. पुढाऱ्याच्या कागदांत छायाचित्रे, मानपत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे असावयाची. येथे त्यांतले जवळजवळ काही नव्हते. वर 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक, त्यांखाली पक्षनिधीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, चार आण्यांपासूनच्या रकमा, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जमाखर्चाची आकडेमोड, आणि तळाशी, सुतळीने बांधलेले, मतदारयाद्यांचे गठ्ठे.

निवडणुकीच्या कामाचे हे अंग ज्याने जवळून पाहिले नाही त्याला मतदारयादी हा जगातील सर्वांत नीरस ग्रंथ वाटेल. घरक्रमांक, नाव, पित्याचे किंवा पतीचे नाव, वय, बस्स. परंतु साथींच्या याद्यांवर समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या आणि त्या खुणा उलगडू लागल्यावर एकेक वाडी डोळ्यांपुढे उभी राहू लागली. नावापुढे 'मुं' असेल तर तो मतदार मुंबईस गिरणीत किंवा गोदीत. 'सा' असेल तर मुलगी सासरी गेली, नाव येथेच राहिले. नावाभोवती वर्तुळ असेल तर तो इसम निवर्तला. आणि 'आंधळी, सोबत नातू' अशा नोंदी, ज्यांवरून कोणाला केंद्रापर्यंत कोणी आणावयाचे हे ठरे. कोण आपला आणि कोण विरोधी याची मात्र खूण कोठेच नव्हती, आणि हे मला नवल वाटले, कारण इतर पक्षांच्या ज्या याद्या मी पाहिल्या आहेत त्यांवर पहिली खूण तीच असते. त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले, की विरोधी म्हणून एकदा खूण केली की पोरे त्या घरी चिठ्ठी द्यावयास जात नाहीत, म्हणून साथी ती करूच देत नसत.

या 'मुं' नावाच्या खुणेत आमच्या कोकणातील राजकारणाचे अर्धे गणित आहे. गावच्या यादीतील कर्ता पुरुष मुंबईत, घरी म्हातारी आणि बायकामुले. तो गावी येणार तो गणपतीला नाही तर शिमग्याला. १९७१ आणि १९७७ या दोन्ही लोकसभा निवडणुका मार्च महिन्यात, शिमग्याच्या आगेमागे आल्या, आणि तेव्हा आलेला चाकरमानी मतदानापर्यंत थांबतो की पालखी उठताच एस.टी. धरतो, यावर कार्यकर्त्यांचा जीव टांगलेला असे. या दोन वर्षांच्या याद्यांवर पुष्कळ 'मुं' खोडून त्यांच्यापुढे 'आला' असे लिहिलेले आढळले; काही 'आला' पुन्हा खोडले होते.

सर्वांत जुनी यादी १९६२ची होती आणि तिच्यात घडी करून ठेवलेले काही कोरे कागद होते, ज्यांवर हाताने उभ्या ओळीत निशाण्या काढल्या होत्या: बैलजोडी, झोपडी, पणती आणि आणखी एक-दोन. हे काय असावे याचा मला थोडा वेळ उलगडा होईना. १९५२ आणि १९५७ या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या निशाणीच्या पेटीत टाकावयाची असे. फुलीचा शिक्का मारून एकाच पेटीत मत टाकण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी १९६२ साली आली. ज्या म्हातारीला पेटी ओळखता येत होती तिला आता शिक्का धरावयास शिकविणे प्राप्त झाले. शाई ओली असताना पत्रिकेची घडी कशीही घातली तर ठसा दुसऱ्याच निशाणीवर उमटे. मतमोजणीच्या वेळी खरा ठसा कोणता आणि उमटलेला कोणता हे ओळखता यावे म्हणून त्या शिक्क्यावरील फुलीच्या टोकांना वळण दिलेले असे खरे, पण कार्यकर्ते मोजणीवर विसंबत नसत, ते घडीच शिकवीत. तर हे साथींनी वाडीवाडीवर शिकविण्यासाठी तयार केलेले कागद होते. त्यांवर बोटांनी उमटविलेले कोळशाचे ठसे अजून दिसत होते, आणि ते झोपडीवर जितके होते तितकेच बैलजोडीवरही होते.

त्याच गठ्ठ्यात दोन रुपयांच्या अनामतीची एक पावती सापडली. मतदान केंद्रात आलेला माणूस तोतया आहे असा आक्षेप मतदान-प्रतिनिधीला घ्यावयाचा असेल तर त्याला दोन रुपये रोख भरावे लागतात. आक्षेप निव्वळ त्रास देण्यासाठी घेतला असे केंद्राध्यक्षास वाटले तर ते परत मिळत नाहीत. नियम अजून तोच आहे. पावतीच्या पाठीमागे साथींनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते: 'यांच्या मयतीस मी स्वतः गेलो होतो.'

ट्रंकेच्या एका बाजूस कार्बन कागदाने काढलेल्या अर्जांच्या नकला होत्या, आणि हा भाग मला सर्वांत ओळखीचा निघाला. रेशनकार्डात नाव दाखल करणे, वारसनोंद, तगाईची मुदतवाढ, पाणंदीवरील अतिक्रमण, पोस्टमन मनिऑर्डर वेळेवर देत नाही ही तक्रार, १९८० नंतर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज. प्रत्येकाखाली अर्जदाराचे नाव, बहुधा डाव्या हाताचा अंगठा, आणि साथींचे नाव कोठेही नाही. समासात त्यांचा शेरा: 'मंजूर', 'मामलेदारांकडे पडून', 'फेटाळला, पुन्हा केला', 'अर्जदार वारली, अर्ज काढून घेतला'. यांपैकी नगरपरिषदेकडे आलेल्या अर्जांच्या मूळ प्रती वर्षानुवर्षे मीच आवक करून घेतल्या होत्या. ते उजवीकडे झुकलेले, शिरोरेघ तुटू न देणारे अक्षर मी रोज पाहत असे. अर्ज वेगवेगळ्या माणसांचे असत, कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहणारी माणसे वेगवेगळी असत, म्हणून हे एका माणसाचे काम आहे असे कधी बेरीज करून पाहण्याचा प्रसंगच आला नव्हता. कार्यकर्त्याचे काम असे दुसऱ्यांच्या नावाच्या फायलींत विखरून पडते, आणि सरकारी दप्तर नावावर लावलेले असल्यामुळे त्यात ते शोधण्याची सोय नसते. जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत, म्हणून त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला काही आधार तरी मिळतो. साथींचा अहवाल तो एवढाच, आणि तोही कार्बनचा.

ट्रंक मी होती तशी लावून ठेवली आणि मसुद्यास बसलो. पहिली अडचण पक्षाच्या नावाची आली. साथी तरुणपणी सेवादलातून समाजवादी पक्षात आले. १९५२ साली किसान मजदूर प्रजा पक्षाशी मिळून तो प्रजासमाजवादी झाला. १९५५ साली डॉ. लोहिया बाहेर पडले. १९६४ साली संयुक्त समाजवादी निघाला आणि वर्ष न लोटते तो पुन्हा दुही झाली. १९७१ साली दोन्ही एक होऊन समाजवादी पक्ष. आणीबाणीनंतर १९७७ साली जनता पक्ष. १९८८ साली जनता दल. ही सगळी नावे ओळीने लिहिली तर अजाण वाचकास हा माणूस वाऱ्याप्रमाणे पाठ फिरविणारा होता असे वाटावयाचे, आणि एकच लिहावे तर ते खोटे. स्नेह्यांपैकी एकाने 'आजन्म समाजवादी' असे सुचविले, आणि विशेषण असूनही ते मी ठेवले, कारण त्याला पुरावा होता: पावतीपुस्तकांवरील पक्षाचे छापील नाव दर वेळी बदलले होते आणि पावती फाडणाऱ्याची सही त्याच जागी होती.

शोकसभा पक्षाच्या स्नेह्यांनी शाळेच्या सभागृहात घेतली. समाजवाद्यांच्या घरी मृत्यूनंतर विधी थोडे असतात. मधु दंडवते २००५ साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देहदान झाले. साथींनीही दहावे-तेरावे करू नये असे लिहून ठेवले होते आणि काकींनी ते शेजाऱ्यांच्या नाराजीला न जुमानता पाळले. विधी नाहीत म्हणून सभेस महत्त्व येते, आणि सभेस महत्त्व आले की भाषणे लांबतात. मी लिहून दिलेला परिचय आरंभी वाचण्यात आला. त्यानंतर जी भाषणे झाली त्यांतील बराच भाग वक्त्यांनी स्वतः भोगलेल्या तुरुंगवासाविषयी होता. त्यांचा मला राग आला नाही. थकलेली माणसे होती, आणि ऐकणारे इतके थोडे मिळतात.

ठरावाच्या मसुद्याचे मात्र वेगळेच झाले. मधल्या ओळींत मी सभासदत्वाचा काळ, हरलेली निवडणूक, अर्ज लिहून देण्याचे काम आणि मासळीबाजाराच्या ठरावास नोंदविलेला विरोध, असे चार मुद्दे घातले होते. पक्षाच्या स्नेह्यांनी तो पाहावयास मागितला आणि शेवटच्या मुद्द्यावर त्यांचे एकमत झाले: दुखवट्याच्या ठरावात मतभेदाची आठवण कशाला, शिवाय तो विरोध आपल्याच पक्षाच्या निर्णयाविरुद्ध होता. वरिष्ठांनाही तसेच वाटले. त्या ओळीवर पेन्सिलीने फुली पडली, समासात 'वगळावे' असा शेरा आला, आणि माझ्या अधिकारात बसत होते तेवढे मी केले, म्हणजे फुली मारलेला मसुदा फाईलमध्ये तसाच राहू दिला.

सभेच्या दिवशी अध्यक्षांनी ठराव वाचला. सूचक आताच्या सत्ताधारी गटाचे. अनुमोदनासाठी मात्र प्रघाताप्रमाणे मृताच्या विरोधकाला उभे करावे असे ठरून त्या काळचे एकच विद्यमान सभासद, ज्यांनी मासळीबाजाराचा ठराव स्वतः मांडला होता, त्यांचे नाव पुकारण्यात आले. ते काठी टेकीत उठले, 'अनुमोदन आहे' एवढेच म्हणाले, आणि सर्वजण उभे राहिले. दोन मिनिटे म्हणून जी स्तब्धता पाळली जाते ती घड्याळ लावून मोजली तर मिनिटाच्या आतच संपते, कारण अध्यक्षांनाच ती आधी असह्य होते. त्यानंतर माजी सभासदाच्या सन्मानार्थ सभा दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब झाली. ठरावास क्रमांक पडला. मी तो प्रोसिडिंग बुकात उतरवून, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याने, काकींस प्रत रवाना केली आणि तिची जावक घातली.

पुढच्या महिन्याच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा होता. हा विषय वाचून होण्याच्या आतच बहुधा मंजूर होतो. या वेळी काठी टेकीत तेच सभासद उठले आणि म्हणाले, की दुखवट्याचा ठराव अपुरा आहे. बाजाराच्या ठरावास दिवंगत सभासदांनी विरोध केला होता, त्या वेळी आपण त्यांना बरेच काही बोललो होतो, तेव्हा ती गोष्ट ठरावात आलीच पाहिजे. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. इतिवृत्त कायम करताना झालेल्या कामकाजाची नोंद बरोबर आहे की नाही एवढेच पाहता येते, जे त्या दिवशी बोलले गेले नाही ते मागाहून घालता येत नाही, हा नियम मला सांगावा लागला. "मग नवीन ठराव लिहा," ते म्हणाले, "सूचक मी." मी फाईलमधून फुली मारलेला मसुदा काढून त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, 'स्त्रियांचे म्हणणे घेतलेले नाही' याच्यापुढे 'हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले' एवढे शब्द सांगून लिहवून घेतले, आणि अनुमोदक कोण असे अध्यक्षांनी विचारताच सभागृहात पुन्हा एकदा थोडी शांतता झाली. मग मागच्या बाकावरून, त्या वर्षी प्रथमच निवडून आलेल्या, बंदराकडच्या प्रभागातील एक बाई उभ्या राहिल्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, त्याची प्रत काकींकडे गेली, आणि सभेने पाणीपट्टीचा विषय हाती घेतला.